आजोबांना विचार

पुण्यातली माणसं टेकडीवर चढतात ती खाली उतरण्यासाठी. वर देऊळ असलं तर ठीक, नसलं तरी चढतात. त्यासाठी बूट वेगळे, टोपी वेगळी, पाण्याची बाटली वेगळी, आणि वर जाऊन करायचं काय, तर दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. आमच्या गावी, वडशाला, कुणी असा विनाकारण चढ चढताना दिसला असता तर लोकांनी त्याला घरी पोचवलं असतं. पण माझा मुलगा सुदर्शन आता कर्वेनगरचा झाला आहे, सून नम्रता मुळातच पुण्याची, आणि त्यांची मुलगी स्वराली चौथीत आहे. माझी बायको इंदू गेली आणि दिवाळीनंतर मी त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा रविवार सकाळची टेकडी मलाही लागू झाली.

पहिल्याच रविवारी स्वराली बाभळीखालून एक वस्तू घेऊन आली. अंगठ्याएवढी, वाळक्या काड्यांची जुडी. काड्या एका मापाने तोडलेल्या, एकमेकींना चिकटवलेल्या, वरच्या टोकाला रेशमासारखा चिवट धागा. झाडाला लागली म्हणावी तर कुणीतरी बसून बांधल्यासारखी दिसत होती, आणि बांधली म्हणावी तर इतक्या बारीक बोटांचं माणूस कुठे असतं? वस्तू हातोहात फिरली. सुदर्शनला कळेना, नम्रताला कळेना. मग नम्रता सहज म्हणाली, "आजोबांना विचार. त्यांचं सगळं आयुष्य जंगलात गेलंय."

मी सुदर्शनकडे पाहिलं. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती.

माझं सगळं आयुष्य वडशाच्या पोस्टात गेलं आहे. बचत खात्याची खिडकी, खिडकीमागे लाकडी खुर्ची, खुर्चीवर मी. जिल्हा गडचिरोली, तेव्हा आजूबाजूला जंगल आहे हे खरं, पण ते मी एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं, तेही कामासाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागलं तरच. मला गोऱ्ह्याची भीती वाटते. घरात पाल निघाली की मी इंदूला हाक मारायचो. झाडांपैकी मला आंबा, चिंच, मोह आणि सीताफळ ओळखता येतं, आणि तेसुद्धा फळं लागलेली असतील तर.

पण ती पोर तळहात पुढे करून उभी होती. पुण्यात आल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. मी चष्मा पुसला, जुडी उन्हात धरली, आणि तोंडाला आलं ते बोललो. म्हणालो, ह्याला काडीमहाराज म्हणतात. आत एक किडा राहतो. त्याला जगाचा कंटाळा आहे, म्हणून तो मोळी पांघरून बसतो. स्वरालीने जुडी कानाला लावली. नम्रता म्हणाली, बघ, उगीच नाही म्हणत मी.

दुपारी जेवताना नम्रताने वाघाची गोष्ट काढली, तेव्हा सगळा उलगडा झाला. त्या गोष्टीत मी खांद्यावर डाकेची थैली घेऊन जंगलातून गावोगाव चालत होतो. लहानगा सुदर्शन माझ्या मानेवर बसला होता. वाटेत आडवा वाघ. मी पळालो नाही, ओरडलो नाही. शांतपणे म्हणालो, सरकारी डाक आहे, वाट सोड. आणि वाघ उठून गेला. मी माझ्याच शौर्याची गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. नम्रता म्हणाली की ही गोष्ट ऐकली त्या दिवशीच तिने लग्नाचं ठरवलं. अशा घरात वाढलेला माणूस कधी भित्रा नसणार, असं तिला वाटलं. सुदर्शन पानातला भात बोटांनी गोल करत होता.

संध्याकाळी गॅलरीत त्याला गाठलं. त्याने सगळं सांगितलं. पुण्याला शिकायला आला तेव्हा होस्टेलची पोरं विचारायची, तुमच्याकडे लाइट आले का, नक्षलवादी घरी चहाला येतात का. वडील काय करतात म्हटल्यावर पोस्टात कारकून, एवढंच सांगता यायचं, आणि त्यावर पोरं नुसतं बरं म्हणायची. मग एकदा त्याने ही गोष्ट जुळवली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे बघायची सगळ्यांची नजर बदलली. नम्रताला सांगितली तेव्हा ती मागे घ्यायची त्याची हिंमत झाली नाही. आणि आता तर मुळीच नाही. नम्रताच्या सख्ख्या भावाने नोकरी गेल्याचं घरात लपवलं होतं; वर्षभर रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचा. त्या भावाचं ती आजही तोंड बघत नाही.

"काहून रे," मी विचारलं, "कारकून बाप काही वाईट होता का?"

"वाईट नव्हता, बाबा," तो म्हणाला. "सांगण्यासारखा नव्हता."

लागलं. नाही कसं लागणार? पण त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. शिक्का उमटवणाऱ्या माणसाची गोष्ट काय सांगणार? तेवढं सांभाळून घ्या, असं त्याने म्हटलं आणि मी मान हलवली. एका काडीमहाराजाने काही बिघडणार नाही, असा माझा हिशेब होता.

नंतर मात्र मला त्याची गोडी लागली, हे कबूल केलं पाहिजे. सोमवारी सकाळी सगळे आपापल्या कामाला लागले की घर माझ्या अंगावर यायचं. भांडेवाली यायची, तिलाही बोलायला सवड नसायची. इंदू होती तेव्हा मी मुळातच कमी बोलायचो, कारण तिला न बोलता कळायचं. अर्धा कप चहा हवा की पाऊण, हे ती माझ्या खाकरण्यावरून ओळखायची. ती गेल्यावर लक्षात आलं की माझी निम्मी भाषा तिच्याबरोबर गेली आणि उरलेली निम्मी इथे कुणाला लागत नाही. खाली बाकावर मकबूलभाई बसायचे. त्यांचं मंडईजवळ छत्र्यांचं दुकान, आता मुलाच्या हवाली केलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, किती दिवस मुक्काम? मी म्हटलं, कायमचा. ते म्हणाले, मग आज इतकंच बोलू, घाई काय आहे. हा माणूस मला आवडला. पण तासभर टोमणे खाऊन वर यावं तर दार उघडायला कुणी नसायचं. किल्ली माझ्याच खिशात.

रविवारी मात्र मी लागायचो. स्वराली दगड उलटे करायची, झुडपांत हात घालायची, आणि काही सापडलं की धावत माझ्याकडे यायची, बापाला ओलांडून. एकदा करड्या केसांचा घट्ट गोळा आणला, मोडला तर आत सुईसारखी हाडं आणि तांदळाएवढ्या दातांचा जबडा. मी म्हटलं, रानमांजर जेवल्यावर हे टाकून देतं. एकदा पानावर उगवलेल्या लाल पुळ्या आणल्या. मी म्हटलं, झाडालाही गोवर निघतो. ती हसायची नाही, विश्वास ठेवायची. गुरुवारपासून माझी तयारी सुरू व्हायची. पुढच्या वेळी काय सापडेल आणि आपण काय सांगावं, ह्याचे मी आडाखे बांधायचो. बाकावर मकबूलभाई म्हणायचे, रंगराव, आज चेहऱ्यावर परीक्षेचा भाव आहे.

चुका व्हायच्या. काड्यांची जुडी पुन्हा सापडली तेव्हा मी तिला रानसुतार म्हणालो. स्वरालीने लगेच पकडलं, मागे तर काडीमहाराज होता. मी म्हटलं, नदीच्या ह्या अंगाला हे नाव, त्या अंगाला ते. नम्रता जरा थांबून माझ्याकडे बघत राहिली.

जानेवारीच्या शेवटाला स्वरालीने एक वाळकी काटकी आणली. काटकीवर तपकिरी रंगाचा, सुपारीएवढा गोळा बसला होता, साबणाचा फेस वाळून कडक व्हावा तसा. वर बारीक वळ्या. नखाने दाबला तर दबत नव्हता, वास नाही, चव घ्यायला मी दिली नाही. मी म्हटलं, हा रानडिंक. माझी आई धान्याच्या कणगीत ठेवायची, घरात ठेवला की झोप चांगली लागते. माझ्या आईने आयुष्यात कणगी पाहिली नव्हती, आम्ही रेशनचा तांदूळ खायचो. स्वरालीने तो रानडिंक काटकीसकट अभ्यासाच्या टेबलावर पेन्सिलींच्या डब्यात उभा करून ठेवला.

मार्चमध्ये एका सकाळी तो डिंक फुटला.

स्वराली शाळेत गेली होती. नम्रता तिच्या खोलीत लॅपटॉप लावून ऑफिसच्या मीटिंगला बसली होती, कारण तिथे नेट चांगलं येतं. मी बाहेर पेपर वाचत होतो. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जाऊन पाहतो तर त्या गोळ्यातून बारीक दोऱ्यासारखे जीव लोंबत होते, एकाला एक धरून, आणि सुटले की चालायला लागायचे. पडद्यावर, वह्यांवर, स्वरालीच्या स्वेटरवर, नम्रताच्या बाहीवर, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर तिच्या साहेबाच्या नाकावरून. प्रत्येकाला तांदळाच्या कणीएवढं तोंड, आणि ते तोंड आमच्याकडे वळवून बघत होते.

सुदर्शनही त्या दिवशी घरूनच काम करत होता. आम्ही तिघांनी मिळून कागदाने, झाडूने, ओंजळीने ते जीव गोळा केले आणि गॅलरीतल्या कुंड्यांत सोडले. नम्रताने एकालाही मारू दिलं नाही, हे तिचं मोठेपण. मग तिने गोळ्याचा फोटो काढला आणि फोनला विचारलं. फोनने क्षणात सांगितलं. पुढचे दोन पाय जोडून बसणारा तो हिरवा किडा असतो ना, प्रार्थनाकीटक, त्याच्या मादीने घातलेल्या अंड्यांचं घर. मग ती तशीच उभी राहून फोनवरच्या टेकडीच्या जुन्या फोटोंतून एकेक वस्तू त्याला दाखवत गेली. केसांचा गोळा म्हणजे घुबडाची ओकारी. पानावरच्या पुळ्या बारीक किड्यांनी केलेल्या.

"बाबा," ती म्हणाली, "हे सगळं जंगलात पावलोपावली दिसतं म्हणे. तुम्ही इतकी वर्षं रोज जंगलातून चालत होतात. मग..." आणि बोलता बोलता ती थांबली. माझ्यावरून तिची नजर निघाली आणि सुदर्शनवर गेली. "सुदर्शन, मला एक खरं सांगशील?"

मी वाघ पाहिलेला नाही, पण भ्यायलेला माणूस ओळखतो. खिडकीपलीकडे पुष्कळ पाहिले. सुदर्शनचा चेहरा पांढरा पडला होता आणि हातातला झाडू त्याने छातीशी धरला होता. ह्या वेळी बांधायला नाडी नव्हती, पायांत चपलाही नव्हत्या. तो खरं सांगेल की पुन्हा काही जुळवेल, हे मला ठाऊक नव्हतं. नम्रता दोन्हींपैकी काय सहन करेल, तेही ठाऊक नव्हतं. घरात एक लेकरू आहे, एवढं ठाऊक होतं.

"त्याला नको विचारू, सूनबाई," मी म्हणालो. "मलाच हल्ली आठवत नाही."

नम्रताचा चेहरा माझ्यासमोर बदलला. कपाळावरची आठी गेली आणि तिच्या जागी काळजी आली, इतक्या लवकर की मलाच लाज वाटली. तिने मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. विचारलं, कधीपासून होतंय असं? मी म्हटलं, झाले काही महिने. सुदर्शन झाडू घेऊन बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही.

मला वाटलं, मिटलं. पण नम्रता वरवरचं काम करणारी बाई नाही. तिला पुरावे आठवायला लागले. काडीमहाराजाचा रानसुतार झाला होता. पुण्यात नवा होतो तेव्हा एकदा चुकीच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलो होतो. दुधाचं पातेलं एकदा करपवलं होतं. मी जे जे बेतलं होतं ते सगळं आता आजाराचं लक्षण निघालं, आणि ती हळहळून म्हणाली की एवढा जंगलातला माणूस, आमच्या लक्षातच आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या दोघांनी मला स्वारगेटकडच्या एका दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या. त्यांनी आज वार कोणता, आपण कुठल्या मजल्यावर आहोत, असं विचारलं. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग तीन शब्द सांगितले, पेरू, खुर्ची, नदी, आणि म्हणाल्या, थोड्या वेळाने विचारीन. आता माझ्यात एकच गुण आहे आणि तो स्मरणशक्तीचा आहे. वडशाच्या जुन्या खातेदारांचे खातेक्रमांक मला अजून तोंडपाठ आहेत, कोण सही करायचं आणि कोण अंगठा उठवायचं तेही. घरून निघताना मी ठरवलं होतं की सगळी उत्तरं बरोबर द्यायची, बाई म्हणतील वयोमानाने होतं, आणि हा विषय संपेल. पण शेजारी नम्रता बसली होती. माझी स्मरणशक्ती शाबूत निघाली तर तिचा परवाचा प्रश्न जिथे अडला होता तिथून पुन्हा सुरू होणार, हे मला तिथे बसल्यावर उमगलं. बाईंनी शब्द विचारले. मी पेरू म्हटलं, खुर्ची म्हटलं. नदी माझ्या जिभेवर होती. मी सुदर्शनकडे पाहिलं. त्याला वेळ होता. तो म्हणू शकत होता की थांबा, ह्याची गरज नाही. तो भिंतीवरचं मेंदूचं चित्र बघत होता. मी नदी गिळली.

बाई म्हणाल्या, सुरुवात आहे, घाबरायचं कारण नाही. गोळ्या लिहून दिल्या. एकटं सोडू नका, आणि त्यांच्याशी जुन्या आठवणींबद्दल बोलत राहा, म्हणाल्या. परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सुदर्शनने मागे हात करून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि सिग्नल सुटला तसा काढून घेतला. मला वाटलं, आज संध्याकाळी सांगेल तिला. मग वाटलं, शनिवारी सांगेल.

माझ्या खिशातली किल्ली गेली आणि तिथे नाव, पत्ता, सुदर्शनचा नंबर लिहिलेलं कार्ड आलं. गॅसला मी हात लावायचा नाही असं ठरलं. सोसायटीत बातमी पोचायला अर्धा दिवस पुरला. लोक माझ्याशी मोठ्याने बोलायला लागले, जणू विसरणारा माणूस बहिराही असतो. मकबूलभाई बाकावर सरकून जागा करायचे आणि माझा हात हातात घेऊन म्हणायचे, "रंगराव, मी मकबूल. छत्रीवाला." रोज. मी एकदा म्हटलं, ठाऊक आहे हो, तुमचा चेहरा विसरायला बरेच कष्ट पडतील. त्यावर पूर्वीचे मकबूलभाई काय बोलले असते ह्याची मी वाट पाहिली. ते नुसते हसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. पुण्यातला माणूस टोमणा मारायचा थांबला की त्याने तुमचा नाद सोडला असं समजावं. त्या दिवशी घरी येऊन मी इंदूच्या फोटोसमोर बराच वेळ बसलो. रडलो म्हटलं तरी चालेल.

टेकडी चालू होती. उलट आता मला नेणं जास्त जरुरीचं झालं होतं. स्वराली माझा हात धरून चालायची आणि मला खड्डे दाखवायची. काही सापडलं की ती आधी नम्रताकडे जायची, फोन मागायची, फोटो काढायची, आणि उत्तर मिळालं की माझ्याकडे येऊन सावकाश सांगायची, एकदा सांगून झालं की पुन्हा एकदा. आजोबा, ही शंखातली गोगलगाय आहे. गो-गल-गाय. मी म्हणायचो, अस्सं. तिला बरं वाटायचं. वर्गात बाई तिला शाबासकी देत असतील तशी ती माझ्याकडे बघून मान हलवायची.

एप्रिलमधल्या एका रविवारी तिला एक दगड सापडला. बाहेरून साधा काळा, बटाट्याएवढा, एका बाजूने फुटलेला. आत पोकळी, आणि त्या पोकळीत पांढरे, पारदर्शक, टोकदार दाणे, जणू खडीसाखर आतून उगवली होती. काळ्या दगडाच्या पोटात ती कुणी ठेवली, कशी ठेवली, काही कळेना. फोनला दाखवला तर तो एकदा एक नाव सांगे, दगड जरा फिरवला की दुसरं. नम्रताने वेगवेगळ्या उजेडात फोटो काढून पाहिले आणि शेवटी फोन खिशात टाकला. मला आशा वाटली. पोर आता येईल माझ्याकडे, पूर्वीसारखी. आणि आली. दगड माझ्या दोन्ही हातांत ठेवला, माझी बोटं त्याच्याभोवती मिटवली आणि म्हणाली, "आजोबा, हा धरून बसा. तोंडात घालायचा नाही हं." आणि दुसरा शोधायला पळाली.

मी खडकावर बसलो. नम्रता शेजारी बसली. डॉक्टरीणबाईंचं सांगणं तिच्या लक्षात होतं. ती सुदर्शनला म्हणाली, "बाबांना काहीतरी जुनं सांग ना. आईंचं सांग."

सुदर्शन माझ्यासमोर मांडी घालून बसला. मला आनंद झाला. इंदूबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. वाघ येऊन येऊन इथे कुठे येणार? एक तरी खरी गोष्ट तो आज बोलेल आणि मी ती ऐकीन, इतकंच मला हवं होतं.

तो सांगू लागला. तुम्हाला डाक घेऊन जंगलातून परतायला उशीर झाला, म्हणाला, की आई कंदील घेऊन गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली येऊन उभी राहायची. मला कडेवर घ्यायची. आम्हाला जंगलात तुमच्या काठीच्या घुंगरांचा आवाज आधी ऐकू यायचा, तुम्ही नंतर दिसायचात. तो आवाज आला की आई कंदील वर धरायची. हे सगळं तो न अडखळता बोलत होता. नम्रताचे डोळे भरून आले. मग त्याचेही आले. मी त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो नजर चुकवत नव्हता, सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता, आणि त्याला तो कंदील दिसत होता. मी कोण होतो आणि इंदू कोण होती, हे ठाऊक असलेलं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माझ्यासमोर बसून हे सांगत होतं.

माझं आयुष्य मी त्याच्या गोष्टीला दिलं होतं. पण इंदू माझ्या मालकीची नव्हती. ती कधी कुठल्या झाडाखाली उभी राहिली नाही. तिला अंधाराची भीती वाटायची, मलाही वाटायची, रात्री परसात जायचं तर आम्ही दोघं मिळून जायचो. दुपारी ती डबा घेऊन पोस्टाच्या बाजूच्या दाराने यायची, गरम भात, वरण आणि चटणी, आणि माझं जेवण होईपर्यंत स्टुलावर बसून पासबुकांवरची नावं हळू आवाजात वाचायची. एखादं नाव गमतीचं असलं की पदर तोंडाला लावून हसायची. त्या हसण्याची गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नसेल, पण ती होती.

"नाही रे," मी म्हणालो. "इंदू कधी कंदील घेऊन उभी राहिली नाही. मी जंगलात गेलोच नाही कधी. मी पोस्टात खिडकीमागे बसायचो. ती दुपारी डबा घेऊन यायची. वाघ नव्हता, काही नव्हतं."

नम्रताने दगडासकट माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. मुलांसमोर किंवा आजाऱ्यासमोर बोलतात तशा खालच्या आवाजात ती सुदर्शनला म्हणाली, "राहू दे आता. गोंधळतायत ते."

मी सुदर्शनकडे बघत राहिलो. त्याने फक्त एक वाक्य बोलायचं होतं. त्याचे ओठ हलले. नम्रताकडे त्याची नजर गेली, मग माझ्याकडे आली.

"हो, बाबा," तो म्हणाला. "पोस्टात. बरोबर आहे तुमचं." स्वराली लहान असताना खोटा खोटा चहा करून आणायची, तेव्हा तो ज्या आवाजात वा वा म्हणायचा, तोच आवाज.

मग त्याने माझी टोपी सरळ केली आणि स्वरालीला हाक मारली. ऊन वाढत होतं. उतरताना दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं होतं.